कोंडिरामच्या घरचं वाचन

कोंडिराम बनियनवर गॅलरीत उभा होता. खाली पाण्याचा टँकर आला होता. टँकरवाल्याला पाइप नीट जोडायला जमत नव्हतं, अर्धं पाणी फरशीवर सांडत होतं, आणि कोंडिरामला ते बघवत नव्हतं. तेवढ्यात पाठीमागून, छताजवळून आवाज आला.

"पप्पा, शर्ट घाला. समोरच्या विंगमधून दिसतं."

आवाज त्याच्या मुलाचा, संघर्षचा. संघर्ष तिकडे अंधेरीला ऑफिसात बसला होता. हॉलच्या कोपऱ्यात त्यानं कॅमेरा बसवला होता. त्यातून तो बघायचा आणि त्यातूनच बोलायचा. चोरांसाठी बसवलाय, असं त्यानं सांगितलं होतं. अजून एकाही चोराला त्यानं टोकलं नव्हतं. टोकत होता तो आईबापाला.

"घाला की," स्वयंपाकघरातून वैजयंता म्हणाली. "कशाला त्या डबीच्या तोंडी लागता?"

कोंडिरामनं शर्ट घातला. बटणं लावताना त्याला स्वतःचीच शिसारी आली. नातवंडं खेळवायच्या वयाचा माणूस, आणि भिंतीवरची डबी बोलली म्हणून शर्ट घालतोय.

कोंडिराम मूळचा परभणीकडचा. नामांतराच्या दिवसांत गाव सोडून तो भाईंदर पूर्वेला आला आणि स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागला. फिरत्या चाकावर भांडं धरायचं काम. हात सैल पडला तर चाक भांडं हिसकावून घेतं, जास्त दाबला तर पत्र्यावर लाट उठते. दिवसभर काळी धूळ. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. बरोबरचे बरेच जण काम सोडून गेले, कुणी रिक्षा धरली, कुणी खाट धरली. कोंडिराम शेवटपर्यंत टिकला. भांड्यात आपली भुवई केसासकट दिसल्याशिवाय ते तो बाजूला ठेवत नसे. मालक गेल्यावर हयगय आणि मालक आल्यावर घाई, असलं काम करणाऱ्याशी तो बोलायचाही नाही.

त्या हातांनी मुलगा शिकला. एका कंपनीत मॅनेजर झाला. भाईंदरच्या नवघरमधली खोली विकून त्यात भर पडली आणि मिरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये सातव्या मजल्यावर फ्लॅट झाला. इथपर्यंत कोंडिरामची काही तक्रार नव्हती. मुलानं अभ्यास केला होता, तोही कष्टच.

तक्रार सुरू झाली ती दारावरच्या पाटीपासून. पाटीवर 'हर्ष' लिहिलेलं होतं. बापानं विचार करून ठेवलेल्या नावातला 'सं' मुलानं कापून टाकला होता आणि उरलेल्या 'घ'चा 'ह' केला होता. आडनाव तर नव्हतंच. मग बिल्डिंगमधल्या बायकांसमोर वैजयंताची 'विजया आंटी' झाली. बुद्धाची मूर्ती हॉलमध्ये राहिली, कारण ती हल्ली सगळेच ठेवतात, हॉटेलातसुद्धा असते. बाबासाहेबांची तसबीर मात्र आतल्या खोलीत गेली, कपाटाच्या बाजूला, जिथं पाहुणा जात नाही. भिंतीतला खिळा उपटून संघर्षनं भोक पुट्टीनं बुजवलं, वर रंगाचा हात मारला. काम मात्र सफाईदार केलं होतं. कोंडिरामनं बोट फिरवून पाहिलं, खाच लागली नाही.

संघर्ष कधी ओरडायचा नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्याला उलट ओरडता येतं. तो गोड बोलायचा. खांद्यावर हात ठेवून, पोराला समजवावं तसं. "पप्पा, लिफ्टमध्ये झाडूवाल्याशी गप्पा नको, मेंबर लोकांना आवडत नाही." "पप्पा, फोनवर हळू बोला." "आई, सुकट आणायची तर डब्यात बंद करून आण." प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकच शेपूट, "तुमच्याच भल्यासाठी सांगतोय." हे शेपूट ऐकलं की कोंडिरामच्या तोंडाला पाणी सुटायचं, ओकारी यायच्या आधी सुटतं तसं.

तरी तो ऐकत गेला. घरात कलह नको म्हणून ऐकत गेला. माणूस असाच आवळला जातो. एकदम कुणी दोर टाकत नाही, रोज एक पीळ वाढवतात.

मग भाजीबाजारातली गोष्ट घडली.

पावसाळ्याची सकाळ होती. कोंडिराम मिरा रोडच्या बाजारात भेंडी निवडत होता. शेजारी समोरच्या फ्लॅटमधल्या मॅडम कोथिंबीर हुंगून बघत होत्या. तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून हाक आली.

"कोंडिरामदादा, जयभीम!"

आनंदीबाई होत्या. त्याच कारखान्यात त्या भांडी पॅक करायच्या, आता नवघरच्या विहाराचं सगळं बघायच्या. आवाज पहिल्यापासून खणखणीत. कोंडिरामनं मॅडमकडे पाहिलं, मग आनंदीबाईंकडे पाहिलं, आणि नुसती मान हलवली.

आनंदीबाई थबकल्या. त्यांनी मॅडमकडेही एक नजर टाकली. त्यांना सगळं कळलं. पिशवी उचलून त्या निघून गेल्या.

कोंडिराम घरी आला. भेंडीची पिशवी ओट्यावर ठेवून त्यानं हात धुतले. पुसले. परत धुतले. चाकाची काळी धूळ साबणानं जायची, ही काही जाईना. आजवर जयभीमला त्यानं कधी मुक्यानं उत्तर दिलं नव्हतं. गावात घरं जळाली तेव्हाही नाही. आणि इथं एका बाईच्या हातात कोथिंबीर होती म्हणून त्याची जीभ टाळ्याला चिकटली.

"काय झालं हो?" वैजयंतानं विचारलं.

"पोराचा रोग लागला मला," तो म्हणाला.

वर्षावास चालू होता. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारातली माणसं रोज एकेका घरी जमायची. वंदना, ग्रंथातली काही पानं वाचायची, खीर खायची आणि उठायचं. ज्याचं घर लहान त्याच्याकडे माणसं जिन्यातही बसायची. पुढच्या रविवारी विहारात सोनकांबळे गुरुजींनी विचारलं, "यंदा समारोप कुणाकडे?" कोंडिरामनं हात वर केला.

"बेव्हर्ली पार्कला?" कुणीतरी मागून म्हणालं. "चपला खालीच काढायच्या का गेटवर?"

लोक हसले. कोंडिरामनं हात खाली घेतला नाही.

घरी सांगितलं तेव्हा संघर्ष जेवत होता. त्याची बायको तेजश्री वाढत होती. ती चिपळूणकडची. तिच्या माहेरी दारातून आत गेल्या गेल्या समोर बाबासाहेबांची तसबीर लागते. तिचा हात भातावर थांबला.

"मस्त आयडिया आहे पप्पा," संघर्ष म्हणाला. "मी हॉल बुक करतो. भाईंदरलाच करू, सगळ्यांना जवळ पडेल. केटरिंग, खुर्च्या, एसी. तुम्हाला काहीच करायला नको."

"घरी वाचायचं असतं."

"अहो, घरी कुठे पुरणार आहेत माणसं?"

"नवघरच्या खोलीत पुरत होती. ती खोली तुझ्या ह्या सोफ्याएवढी होती."

"तेव्हाची गोष्ट वेगळी, पप्पा. इथे सोसायटी आहे, रूल्स आहेत. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? तूच सांग."

संघर्षनं पाणी प्यायलं. "नंतर बोलू," तो म्हणाला आणि बापाच्या खांद्यावर थोपटून उठला.

कोंडिरामला त्या हॉलचीच जास्त चीड आली. फोनवर बोट दाबलं की हॉल मिळतो, खीर मिळते, वाढणारे मिळतात. त्यात घाम कुठं आहे? आणि घामाशिवाय केलेलं दान हे दान नव्हे, ती नुसती विल्हेवाट.

नंतर संघर्ष त्या विषयावर बोललाच नाही. कोंडिरामला वाटलं, पोरगं नरमलं. तो साधा माणूस. चाक बंद झालं की काम थांबलं, एवढंच त्याला माहीत. आवाज न करता फिरणारी चाकं त्यानं पाहिली नव्हती.

समारोपाच्या आधीच्या रविवारी तो विहारात गेला. कुणाला किती वाजता बोलवायचं, ते विचारायचं होतं. दारातच एका उपासिकेनं विचारलं, "दादा, उठून कशाला आलात? ताप उतरला का?"

"कुणाचा ताप?"

सोनकांबळे गुरुजी पुढं आले. "हर्षचा फोन आला होता. तुम्हाला ताप आहे, डॉक्टरनं गर्दी नको सांगितली आहे, म्हणून समारोप घरी नको म्हणाला. फार नम्र बोलला हो पोरगा. आम्ही मग विहारातच ठरवला."

हो म्हणून निभावता आलं असतं. दोनदा खोकलं की झालं. घरची लाज घरात राहिली असती, आणि लोकांनी तब्येत जपा म्हणून निरोप दिला असता. एवढं सोपं होतं ते.

"मला ताप न्हाई," तो मोठ्यानं म्हणाला. "पोरगं खोटं बोललं. त्याला तुमची लाज वाटते. महिन्याखाली मलाबी वाटली होती, बाजारात. आनंदीबाईंना माहीत हाय."

आनंदीबाई फुलं निवडत होत्या. त्यांनी वर न बघताच म्हटलं, "बेव्हर्ली पार्कचा ताप वाईट. गोळीनं उतरत न्हाई."

"ज्याला लाज वाटते त्याच्या दारात कशाला जायचं?" मागून एक जण म्हणाला.

गुरुजींनी घसा साफ केला. "हे बघा कोंडिराम, आता कमिटीनं ठरवलंय. परत परत बदलता येत नाही. तुम्ही पुढच्या वर्षी घ्या. आणि घरातलं असं चारचौघांत बोलू नये, समाजात चर्चा होते."

कोंडिराम त्यांच्याकडे बघत राहिला. हासुद्धा तोच आवाज. नम्र, समजुतीचा. डबी फक्त वेगळी.

"समारोप तुमचा तुम्ही करा," तो म्हणाला. "त्याच्या आदल्या दिवशी माझ्या घरी वाचन हाय. ज्याला यायचं त्यानं यावं. न्हाई यायचं त्यानं येऊ नये. चर्चा करायची तर पोटभर करा."

संध्याकाळी संघर्ष घरी आला. तो दारात वाकून बूट काढत होता, तेव्हाच कोंडिरामनं विचारलं, "ताप मला का तुला?"

"पप्पा, आधी बसा. पाणी घ्या."

"बसवू नको मला. उभ्यानं सांग."

"मी मॅनेज केलंय ना सगळं? कुणालाच वाईट वाटलं नाही. तब्येत म्हटल्यावर विषयच संपला."

"माझी तब्येत इकलीस तू."

"छोटी गोष्ट आहे, तुम्ही मोठी करताय." मग पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "तुम्हाला काय माहितीय? हे घर घ्यायच्या आधी आम्ही भाड्यानं बघत होतो. एजंटनं चावी हातात दिली होती. पूर्ण नाव विचारलं, आणि चावी परत मागून घेतली. तेजश्री बाजूला उभी होती. त्या दिवशी ठरवलं, परत कुणाला ती संधी द्यायची नाही."

तेजश्री खाली मान घालून ऐकत होती. म्हणजे खरं होतं.

कोंडिरामला त्या एजंटची किळस आली, आणि पोराची दयाही आली. पण दया आली म्हणून किळस गेली नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसल्या.

"त्या एजंटचं नाव काय?" त्यानं विचारलं.

"आता काय करायचंय? आठवत नाही."

"मंजे त्याचं नाव तू इसरलास, आन तुझं नाव अर्धं केलंस."

"पप्पा, डायलॉग नको."

"डायलॉग न्हाई. हिशेबानं बोलायलोय. किती मेहनत करतोस रे तू! फोटू आत ने. आईचं नाव बदल. बापाला डबीतून शर्ट घाल. विहाराला फोन कर. एवढी मेहनत मी चाकावर केली न्हाई. आन निघालं काय त्यातून? एक वाटी तरी निघाली का?"

"मग त्या दिवशी मी घरात नसेन," संघर्ष म्हणाला.

"नको असू. चावी ठेवून जा."

वैजयंता इतका वेळ ओट्याला टेकून उभी होती. तिला वाटलं, आता पोरगं मोडेल नाहीतर बाप तरी. कुणीच मोडलं नाही. संघर्ष आत गेला आणि कोंडिरामनं ताट वाढायला सांगितलं.

वाचनाच्या दिवशी कोंडिरामनं हॉल स्वतः पुसला. गुडघ्यावर बसून, सोफ्याखालून, पंख्याखालून, कोपरे बोटांनी. वरून आवाज आला, "पप्पा, लादी मावशी पुसतील ना." त्यानं वर पाहिलं नाही. पाणी काळं निघालं ते फेकून दुसरं घेतलं.

वैजयंता दुपारपासून दुधाशी उभी होती. खीर ढवळायचं थांबलं की बुडाला लागते आणि लागलेली खीर लपत नाही. संध्याकाळी संघर्ष ऑफिसातून आला तो तेजश्रीला बाहेर न्यायलाच. ती तयार होऊन स्वयंपाकघरात आली. "आई, वेलची सोलून ठेवलीय, छोट्या डबीत," एवढं हळूच म्हणाली आणि नवऱ्याच्या मागं लिफ्टमध्ये शिरली. कोंडिरामनं ते ऐकलं. एवढंच जमलं तिला. बरं, एवढं तरी जमलं.

आतल्या खोलीतून तसबीर वैजयंतानंच आणली. पदरानं काच पुसली. भिंतीत खिळा नव्हता, म्हणून टेबलावर पांढरं कापड घालून मूर्तीच्या शेजारी ठेवली. मेणबत्त्या लावल्या. कोंडिराम पांढरा सदरा घालून दारात उभा राहिला. दार सताड उघडं.

माणसं थोडी आली. आनंदीबाई, त्यांच्याबरोबर दोन उपासिका, आणि कारखान्यातला एक जुना सोबती, गुडघ्याला पट्टा बांधलेला. गुरुजी आले नाहीत. कमिटीतलं कुणीच आलं नाही. कोंडिरामनं सतरंजी पुरी अंथरली होती, ती रिकामी दिसत होती. ती बघून त्याला वाईट वाटलं, आणि वाईट का वाटलं हेही त्याच्या ध्यानात आलं. हॉल भरावा, नवघरच्या लोकांनी फरशी बघावी, पंखे बघावेत, खिडकीतून खाली बघावं, हेही त्याला कुठंतरी हवं होतं. त्याला ह्या लोकांपुढं मिरवायचं होतं, पोराला त्या लोकांपुढं. त्यानं मनातल्या मनात थुंकून टाकलं आणि सतरंजीची एक घडी घातली. आता ती बरोबर झाली.

"लिफ्ट लई मोठी हाय तुमची," आनंदीबाई बसता बसता म्हणाल्या. "आमच्या मोरीएवढी. भाड्यानं देता का?"

सगळे हसले. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. मॅडम कचऱ्याची पिशवी ठेवायला आल्या होत्या. पांढरी लुगडी, मेणबत्त्या बघून त्या थांबल्या.

"अंकल, आज पूजा है क्या?"

आतून आनंदीबाई बघत होत्या. वैजयंताचा हात पदरावर गेला.

"पूजा नहीं, मॅडम," कोंडिराम म्हणाला. "हम बौद्ध हैं. आज हमारे घर ग्रंथ का वाचन है. बैठना है तो आओ."

"अच्छा, अच्छा," मॅडम म्हणाल्या. नजर त्याच्या खांद्यावरून टेबलावरच्या तसबिरीपर्यंत गेली आणि परत आली. "नहीं, मेरा कुकर चढ़ा है." दार बंद झालं. जोरात नाही. बेतानं.

कोंडिरामनं स्वतःत काय हललं ते तपासलं. छाती नेहमीसारखी चालत होती. पाय जमिनीवर होते. ज्या क्षणाला इतकी वर्षं घाबरायचं, तो एवढाच निघाला.

"आनंदीबाई," तो आत येऊन म्हणाला, "बाजारात राहिलं होतं. जयभीम."

"जयभीम, दादा. उशिरा का होईना. वाचा आता, खिरीचा वास सुटलाय."

वंदना झाली. मग कोंडिरामनं ओळीखाली बोट धरून वाचलं. तो अडखळत वाचायचा, पण शब्द गाळायचा नाही. वाचून झाल्यावर खीर वाटली. कागदी वाट्या भरून त्यानं मजल्यावर सगळ्या दारांतही दिल्या. मॅडमनी दोन्ही हातांनी घेतली. "थैंक यू, अंकल," म्हणाल्या. खालच्या वॉचमननं तर तीनदा मागून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघर्षनं हाक मारली. "पप्पा, या जरा बाहेर."

लिफ्टजवळच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण त्यानं उघडून धरलं होतं. आत कागदी वाटी होती, काठोकाठ भरलेली. वर साय धरली होती, मुंग्या लागल्या होत्या. वेलचीचे दाणे तसेच.

"बघा," संघर्ष म्हणाला.

कोंडिरामनं वाटीकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे. त्या तोंडावर दुःख नव्हतं. आपलंच खरं ठरलं, याचा आनंद होता. आईनं दुपारभर ढवळलेली खीर कचऱ्यात पडली आणि पोरगं जिंकलं होतं.

"बघितलं," तो म्हणाला. "खीर वाया गेली."

"एवढंच?"

"आजून काय गेलं? दाखव."

"आता रोज लिफ्टमध्ये ह्या लोकांकडे कसं बघायचं?" संघर्ष म्हणाला.

"तू खाली बघ, तुला सवय हाय. मी सरळ बघीन. आन झाकण लाव, माश्या येतात."

संध्याकाळी विहारातला समारोप होता. कोंडिराम तिकडे गेला नाही. रागानं नव्हे. कमिटीला तोंड दाखवायचं किंवा चुकवायचं, दोन्हींची त्याला गरज उरली नव्हती. त्यानं हॉलमध्ये सतरंजी अंथरली, चष्मा पुसला आणि ग्रंथ उघडला. वैजयंता हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसली.

"पप्पा, परत? वाचन तर काल झालं ना?" संघर्ष ताट हातात घेऊन उभा होता.

"शेवटचं पान राहिलंय."

संघर्ष ताट घेऊन आत गेला. आतला टीव्ही मोठा झाला. कोंडिरामनं आवाज चढवला. एका लांब शब्दाशी तो अडखळला आणि चुकीचा वाचून पुढं गेला. मग थांबला, बोट मागं आणलं, आणि तो शब्द पुन्हा पहिल्यापासून, बरोबर वाचला.